न थिजलेलं अगार: समुद्री शेवाळ, बुरशीचं एन्झाइम आणि नागपूरच्या एका टिश्यू कल्चर युनिटचं प्रकरण

(हे प्रकरण खरं आहे. माणसांची ओळख पटेल असे तपशील काढून टाकले आहेत. मी नागपुरात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवते आणि या कामात सुरुवातीपासून सल्लागार होते. त्यामुळे इथे नोंदवलेल्या काही चुका माझ्या आहेत.)

पार्श्वभूमी

काटोल रस्त्याला, शहर संपल्यावर, एकाच आवारात एका कुटुंबाचे दोन धंदे चालतात. थोरल्या सुनेचं टिश्यू कल्चरचं, म्हणजे झाडाच्या बारीक तुकड्यापासून जारमध्ये रोपं वाढवण्याचं, युनिट आहे. तिथे मुख्यतः केळीच्या जी-९ जातीची रोपं होतात, थोडा बांबूही होतो. ती माझी जुनी विद्यार्थिनी. आवारात सगळे तिला वहिनी म्हणतात, म्हणून मीही इथे तेच नाव वापरते. धाकट्या दिराचं काम ट्रायकोडर्मा पावडर बनवण्याचं. ट्रायकोडर्मा म्हणजे पिकांवरच्या रोगट बुरशीला मारणारी बुरशी. काटोल, नरखेड, वरूड पट्ट्यातल्या संत्रा बागायतदारांना डिंक्या आणि मूळकूज माहीत असते. कपाशी-तुरीच्या शेतकऱ्यांना मर रोग माहीत असतो. ही हिरवी बुरशी त्यांच्या घरोघरी पोचलेली आहे.

वहिनींच्या युनिटमध्ये रोज साधारण ६० लिटर मीडिया, म्हणजे रोपं ज्यात वाढतात ते पोषक जेल, लागायचा. लिटरला ७ ग्रॅम अगार धरलं, तर दिवसाला ४२० ग्रॅम आणि महिन्याला जवळपास ११ किलो. साखर आणि क्षार स्वस्त, हार्मोन मिलिग्रॅममध्ये लागतात. मीडियाच्या खर्चात अगारच सगळ्यात जड.

अगार म्हणजे लाल समुद्री शेवाळातून निघणारी साखरेची लांब साखळी. आपल्या स्वयंपाकघरात तिला चायना ग्रास म्हणतात. तिचा एक गुण आमच्या हवेला अगदी जुळतो. ती साधारण ३२ ते ४० अंशाला थिजते, पण एकदा थिजली की ८५ अंशांच्या आसपास गेल्याशिवाय वितळत नाही. १८८१ साली जर्मनीत फॅनी हेस यांनी आपल्या नवऱ्याला जिवाणू वाढवण्यासाठी हीच वस्तू सुचवली होती. त्याचं जिलेटिन उन्हाळ्यात पातळ व्हायचं आणि जिवाणूही ते खाऊन टाकायचे. तिथून अगार रॉबर्ट कॉख यांच्या प्रयोगशाळेत गेलं आणि मग जगभरच्या पेट्री डिशमध्ये. मे महिन्यात नागपुरात पारा ४५ च्या वर जातो. तेव्हा जिलेटिनवर काही उगवायचा विचारसुद्धा कुणी करणार नाही.

भारतात अगारचं शेवाळ प्रामुख्याने तमिळनाडूच्या रामनाथपुरम किनाऱ्यावरून येतं. त्यात दोन जाती महत्त्वाच्या. जेलिडिएला आसेरोसाचं जेल चांगलं घट्ट होतं, पण ती हळू वाढते आणि समुद्रातूनच गोळा करावी लागते. ग्रॅसिलारिया एड्युलिस भरपूर मिळते, लागवडही होते, पण तिचं जेल जात्याच मऊ असतं. कारण तिच्या साखळीत सल्फेट जास्त. ते सल्फेट कॉस्टिक सोड्याच्या गरम द्रावणात निघून जातं, साखळीला पीळ पडायला जागा होते आणि जेल घट्ट होतं. ही रसायनशास्त्रातली जुनी, पक्की गोष्ट आहे. पुढच्या सगळ्या गोंधळात ती आमच्या डोळ्यांसमोर होती, तरी आम्ही तिला बाजूला सारलं.

अडचण

अगारचा भाव वर्षभर चढत होता. एका खेपेला माल दीड महिना उशिरा आला, उधारीवर दुसरीकडून घेतलेलं अगार गढूळ निघालं आणि केळीची रोपं काचेसारखी पाणचट झाली. टिश्यू कल्चरवाल्यांना हे दुखणं माहीत आहे: जेल मऊ पडलं की रोप पाण्याने फुगतं, पान पारदर्शक दिसतं आणि शेडनेटमध्ये नेल्यावर चार दिवसांत मान टाकतं. त्या खेपेत बरीच रोपं गेली. एका शेतकऱ्याचा आगाऊ घेतलेला पैसा परत करावा लागला.

त्यानंतर जानेवारीत वहिनी माझ्याकडे आली. "मॅडम, ग्रॅसिलारिया वाळलेली मिळते. आपणच काढलं तर? सोडा मात्र वापरायचा नाही. तेवढं पाणी सोडायला माझ्याकडे जागा नाही, आणि शेजारी विहीर आहे."

सोबत दीर होता. त्याचं म्हणणं सरळ होतं. "मॅडम, ट्रायकोडर्मा सेल्युलोज खाते ना जी? शेवाळाच्या भिंतीत सेल्युलोज आहे, तुमीच सांगतलं होतं. बुरशी आपल्याच घरची आहे, मंग बाहेरून काहून घ्याची?"

विचार चुकीचा नव्हता. लाल शेवाळाच्या पेशीभित्तिकेत सेल्युलोजच्या बारीक तंतूंचा सांगाडा असतो आणि अगार त्या सांगाड्याभोवती भरलेलं असतं. सांगाडा सैल केला तर अगार लवकर आणि जास्त निघावं. सेल्युलेज हे सेल्युलोज तोडणारं एन्झाइम, म्हणजे आपल्या पाठ्यपुस्तकातलं विकर, उद्योगात मुख्यतः बुरशीपासूनच मिळतं. ट्रायकोडर्मा रीसाय त्यातली सगळ्यात प्रसिद्ध. दुसऱ्या महायुद्धात सॉलोमन बेटांवर अमेरिकन सैन्याच्या सुती तंबूंचं कापड कुजत होतं, त्या कुजण्यातूनच ती हाती लागली. शिवाय बुरशीचं सेल्युलेज अगारच्या साखळीला हात लावत नाही. अगार तोडणारी एन्झाइम बहुधा समुद्री जिवाणूंकडे असतात. म्हणजे भिंत सुटेल आणि माल शाबूत राहील, असा आमचा हिशेब होता.

समोरचे पर्याय

पहिला पर्याय काहीच न करण्याचा: दोन पुरवठादार ठेवायचे, तीन महिन्यांचा साठा करायचा. आज मागे बघताना वाटतं, हे त्याच आठवड्यात करून टाकायला हवं होतं, बाकी प्रयोग चालू ठेवूनसुद्धा. आम्ही हे बदली म्हणून मोजलं, आधार म्हणून नाही.

अगारऐवजी इसबगोल किंवा साबुदाण्याचं पीठ वापरण्याचा विचारही झाला. इसबगोलाचं जेल चालतं, पण ते गरम असतानाच इतकं घट्ट व्हायला लागतं की शेकडो जारमध्ये सारखं ओतता येत नाही. मीडिया बनवणाऱ्या मावशींनी दोन दिवस करून बघितलं आणि नाही म्हणून सांगितलं.

सोड्याची नेहमीची पद्धत वहिनीने आधीच नाकारली होती.

राहिले दोन: घरच्या ट्रायकोडर्मापासून कच्चं एन्झाइम काढायचं, किंवा बाजारातलं तयार सेल्युलेज घ्यायचं. तयार एन्झाइम त्या वेळी महाग वाटलं. खरं म्हणजे आम्ही नीट भाव काढलेच नाहीत. एका प्रयोगशाळा पुरवठादाराचा शंभर ग्रॅमच्या शुद्ध पावडरचा भाव बघितला आणि तिथेच थांबलो. कापड उद्योगात हेच एन्झाइम ड्रमने विकलं जातं, तिथे विचारायचं मला सुचलं नाही.

या वळणावर मी आणखी एक गोष्ट पुरेशा जोराने सांगितली नाही. दिराकडची जात रोगनियंत्रणासाठी निवडलेली होती. अशी जात दुसऱ्या बुरशीची भिंत फोडण्यात तरबेज असते, सेल्युलेजच्या बाबतीत ती रीसायच्या जवळपासही नसते. मी हे बोलले, पण "बघू तर" असं म्हणून पुढेही गेले.

पहिला प्रयत्न

मार्चमध्ये दिराने ट्रे लावले. गव्हाचा कोंडा आणि पराटीचा भुसा, म्हणजे कपाशीच्या काड्या दळून केलेला, ओलसर करून वाफवला आणि त्यावर बुरशी सोडली. सात दिवसांत ट्रे हिरवेगार झाले. मग मी सांगितल्याप्रमाणे ४.८ पीएचच्या सायट्रेट बफरमध्ये, म्हणजे पीएच स्थिर ठेवणाऱ्या आम्लधर्मी द्रावणात, तो लगदा भिजवून, गाळून, अर्क घेतला. कॉलेजच्या प्रयोगशाळेत फिल्टर पेपरच्या पट्टीवर त्याची ताकद मोजली. कमी होती, पण होती.

शेवाळ आधी चांगलं धुतलं. वाळलेल्या ग्रॅसिलारियाबरोबर वाळू, मीठ, शिंपल्यांचा चुरा असं बरंच येतं. तीन पाणी झाल्यावरही तळाला रेती दिसायची. पाच किलो शेवाळ सुती मांजरपाटाच्या पिशवीत भरून अर्कात, ५० अंशाला, रात्रभर ठेवलं. सकाळी त्याच द्रावणात पाणी वाढवून तीन तास उकळलं आणि गाळलं.

गाळण इतकी सहज झाली की आम्हा सगळ्यांना आनंद झाला. नेहमी कापडावर चिकटून बसणारं दाट द्रावण पाण्यासारखं खाली उतरत होतं. वहिनीने तर "एन्झाइमने काम केलं" असं वहीत लिहिलंसुद्धा. ट्रेमध्ये ओतून आम्ही घरी गेलो.

दुसऱ्या दिवशी मावशींचा फोन आला. "मॅडम, हे सेट होऊन नाही राहिलं जी. पाणीच आहे."

एप्रिल संपेपर्यंत सहा बॅच झाल्या. एकही नीट थिजली नाही.

निदान

मी प्रत्येक वेळी एन्झाइमचं प्रमाण बदलत राहिले. ते निरर्थक होतं. एका गोष्टीवर संशय धरायचा आणि तीच खालीवर करत बसायची, ही सवय मी विद्यार्थ्यांना मोडायला सांगते. इथे मीच त्यात अडकले.

वळण मावशींमुळे आलं. त्या दहावी शिकलेल्या आहेत आणि नऊ वर्षं मीडिया बनवतात. एका दुपारी त्या म्हणाल्या, "मॅडम, मीडियाचा पीएच पाचच्या खाली गेला का जार सेट होत नाहीत, म्हणून आपण पाच पॉइंट आठ करतो ना? मंग हे चार पॉइंट आठला तीन तास उकळून राहिलो आपण, ते कसं होईल?"

मी पेन खाली ठेवलं. आम्लात उकळलं की अगारची साखळी तुटते, हे मला पाठ होतं. सायट्रेट बफर हे सेल्युलेजची ताकद मोजण्याच्या पद्धतीतलं. ते मोजणीसाठी आहे, अगार शिजवण्यासाठी नाही. एका कृतीतला आकडा मी दुसऱ्या कृतीत तसाच नेला होता. आणि ते पाण्यासारखं सहज गळणं? साखळ्या तुटल्यामुळे दाटपणा गेला होता. ज्याला आम्ही यश म्हटलं ती बिघाडाची पहिली खूण होती.

पण एवढ्यावर थांबायचं नाही असं ठरवलं आणि या वेळी एकेक गोष्ट वेगळी करून बघितली.

बाजारातल्या खात्रीच्या अगारचं दीड टक्क्याचं द्रावण केलं. एक भाग शेडमध्ये ठेवला, एक रोपांच्या एसी खोलीत. शेडमध्ये त्या दिवशी ४३ अंश होतं. शेडमधलं विकतचं अगारसुद्धा संध्याकाळपर्यंत पातळच होतं! ज्या तापमानाला ते थिजायचं, त्याच्या वर आमची हवा होती. एसी खोलीतलं अर्ध्या तासात घट्ट झालं. आमच्या सहा बॅचमधलं जे थोडं उरलं होतं तेही एसी खोलीत नेलं. ते थिजलं, पण पिठल्यासारखं. म्हणजे दोन वेगळी कारणं एकावर एक बसली होती.

मग तेच विकतचं अगार एकदा ४.८ आणि एकदा ७ पीएचला तीन तास उकळलं. ताकद मोजायला दिराने एक साधं साधन बनवलं: एक चौरस सेंटिमीटर तोंडाची, म्हणजे ११.३ मिलिमीटर व्यासाची, गुळगुळीत दांडी आणि तिच्यावर वजन ठेवायची ताटली. रात्रभर २० अंशाला थिजवलेलं दीड टक्क्याचं जेल २० सेकंद जेवढं वजन पेलेल ती त्याची ताकद. ही जपानी निकानसुई पद्धत आहे. ७ पीएचवालं ८०० ग्रॅमच्या आसपास टिकलं. आम्लात उकळलेलं २०० लाही फाटलं.

बुरशीच्या अर्कातलं एखादं एन्झाइम अगार खात असेल का, हा संशय उरला होता. अगारच्या प्लेटवर अर्काचे थेंब ठेवून, रात्रभर गरम ठेवून, वर आयोडीन ओतलं. अगार तुटलं असतं तर तिथे फिकट गोल दिसला असता. दिसला नाही. अर्क त्या आरोपातून सुटला.

तिसरं कारण आम्हाला आधीपासून माहीत होतं: ग्रॅसिलारियातलं सल्फेट. सेल्युलेज सेल्युलोज तोडतं, सल्फेट काढत नाही. त्यासाठी सल्फेटेज नावाचं वेगळंच एन्झाइम लागतं आणि ते ड्रममध्ये बाजारात मिळत नाही. एन्झाइम सोड्याची जागा घेईल ही आमची मूळ कल्पनाच दोन वेगळ्या कामांची सरमिसळ होती. शेवाळ सैल करणं हे एक काम, जेल घट्ट करणं हे दुसरं.

मध्येच उद्भवलेलं संकट

मेच्या तिसऱ्या आठवड्यात रोपांच्या जारमध्ये हिरवे ठिपके दिसू लागले. पहिल्या दिवशी चार, आठवड्याने दीडशेच्या वर. सूक्ष्मदर्शकाखाली बघायची गरजच नव्हती, रंग ओळखीचा होता.

ट्रायकोडर्माचे ट्रे उन्हाळ्यात ३० अंशाच्या खाली ठेवावे लागतात, म्हणून दिराच्या शेडला दोन मोठे कूलर लावले होते. त्या कूलरची हवा शेडमधून निघून थेट टिश्यू कल्चरच्या मागच्या खिडकीवर येत होती. पूर्वी पावडरचं काम पावसाळ्याआधी थोडे दिवस चालायचं, तेही लहान प्रमाणात. एन्झाइमसाठी आम्ही ते मार्चपासून रोज आणि तिप्पट केलं. शिवाय अर्काच्या बादल्या उचलणारा मुलगा तेच कपडे घालून मीडियाच्या खोलीत यायचा.

ट्रायकोडर्माचे बीजाणू टिश्यू कल्चरजवळ वाढवायचे नाहीत, हे मला सांगता आलं पाहिजे होतं. मी अगारकडे बघत होते, आवाराकडे नाही. या प्रकरणात मला सगळ्यात जास्त बोचणारी गोष्ट हीच आहे, कारण यात नुकसान झालं ते तयार रोपांचं, शेतकऱ्याला तारीख दिलेल्या रोपांचं.

वहिनीने त्याच संध्याकाळी निर्णय घेतला. "भाऊजी, एन्झाइमचे ट्रे आजपासून बंद. पावडरचं काम तुमच्या शेतावरच्या गोदामात न्या." दिराला वाईट वाटलं, चार महिन्यांची मेहनत होती. पण त्याने वाद घातला नाही. दोनच दिवसांत ट्रे हलवले. खिडकी विटांनी बंद केली. खोल्या धुरी देऊन, पुसून पुन्हा सुरू करायला बारा दिवस गेले.

दुसरा प्रयत्न

पावसाळ्यात आम्ही पुन्हा बसलो. वहिनीचं मन सोड्याला तयार नव्हतं. मी तिला दोन आकडे मांडून दाखवले: पाच किलो शेवाळाला किती सोडा लागेल आणि तेच द्रावण ताकद भरून पुन्हा किती वेळा वापरता येईल. शेवटी तिने मान्य केलं, दोन अटींवर. धुण्याचं पहिलं दाट पाणी वेगळ्या टाकीत साठवायचं, पीएच उतरवल्याशिवाय कुठेही सोडायचं नाही. आणि प्रदूषण मंडळाच्या परवानगीत हे काम आधी लिहून घ्यायचं. यात दीड महिना गेला. तो वेळ वाया गेला असं मला वाटत नाही.

एन्झाइमसाठी या वेळी कापड उद्योगाकडे वळलो. जीन्स धुण्याच्या कारखान्यांत दगडांऐवजी सेल्युलेज वापरतात. त्यात दोन प्रकार मिळतात: आम्लात चालणारं, आणि ६ ते ७ पीएचला चालणारं, ज्याला ते 'न्यूट्रल' म्हणतात. न्यूट्रल प्रकार ह्युमिकोला नावाच्या बुरशीच्या एन्झाइमवरून आला आहे. आमचा अडलेला प्रश्न या एका शब्दाने सुटला. ६.५ पीएचला भिजवायचं असेल तर आम्लाचा संबंधच येत नाही.

क्रम काय ठेवायचा यावर बराच खल झाला. आधी एन्झाइम दिलं तर सोडा आत लवकर शिरेल, असं दिराला वाटत होतं. मला भीती होती ती सल्फेटवालं अगार कोमट पाण्यातच सुटून जाण्याची. सोड्याने एकदा ते घट्ट प्रकारात बदललं की ५० अंशाच्या पाण्यात सुटत नाही. लहान भांड्यात दोन्ही करून बघितलं. आधी एन्झाइम दिलेल्या भांड्यातलं भिजवण्याचं पाणी हाताला बुळबुळीत लागत होतं, म्हणजे माल तिथेच वाहून चालला होता. सोडा आधी, हे ठरलं.

शेवटी बसलेली पद्धत अशी. शेवाळ धुवून पाच टक्के सोड्यात ८५ ते ९० अंशाला दीड तास. निथळून, हाताला बुळबुळीत लागेनासं होईपर्यंत धुणं. किंचित सायट्रिक आम्लाने ६.५. मग न्यूट्रल सेल्युलेजमध्ये ५० अंशाला दोन तास. ते पाणी काढून टाकून, ताज्या पाण्यात ७ पीएच बघून, ९५ अंशाला दीड तास. उरलंसुरलं एन्झाइम त्या उष्णतेत मरतं. गरम असतानाच गाळायचं, एसी खोलीत थिजवायचं, पट्ट्या कापून डीप फ्रीझरमध्ये रात्रभर आणि सकाळी बाहेर काढून वितळू द्यायचं. वितळताना पाणी निघून जातं आणि त्याबरोबर रंग आणि मीठही. वाळवण्याच्या बाबतीत नागपूरची कोरडी हवा कामी आली: जाळीच्या कपाटात पंख्याखाली पट्ट्या एका दिवसात कडकडीत होतात.

एक धडा इथेही मिळाला. चौथ्या-पाचव्या बॅचला मांजरपाटाची पिशवी उचलताना तळातून फाटली. सेल्युलेजच्या पाण्यात सुती पिशवी! कापूस म्हणजे जवळपास निव्वळ सेल्युलोज. सॉलोमन बेटावरच्या तंबूंची गोष्ट मीच सगळ्यांना रंगवून सांगितली होती आणि कपाशीच्या मुलखात बसून तिचा अर्थ आमच्या पिशवीला लावला नव्हता. तेव्हापासून नायलॉनची पिशवी.

निकाल

या वेळी तुलना ठेवली, प्रत्येक प्रकारच्या तीन-तीन बॅच. सोडा देऊन थेट उकळलं तर पाच किलोमागे सरासरी ६५० ग्रॅम अगार निघालं. एन्झाइम न टाकता नुसतं दोन तास ५० अंशाला भिजवलं तर ७००. एन्झाइमसह ७५०. म्हणजे जो फायदा आम्ही एन्झाइमच्या नावावर लिहिला असता, त्यातला अर्धा नुसत्या कोमट भिजवण्याचा होता. ही रिकामी तुलना ठेवली नसती तर हे कधीच कळलं नसतं. तीन बॅच म्हणजे फार नाहीत, हेही वहिनीला सांगितलं आहे.

जेलची ताकद सोड्याने ४०० ग्रॅमच्या थोडी वर गेली. एन्झाइमने तिच्यात फरक पडला नाही.

एन्झाइमचा खरा उपयोग वेगळीकडेच निघाला. पूर्वी तीन तास उकळावं लागायचं ते दीड तासावर आलं. ७५ लिटर द्रावण गाळायला दोन तास वीस मिनिटं लागत, ती पंचावन्न मिनिटांवर आली, आणि या वेळी द्रावण दाट असूनही. डिसेंबरमध्ये याची किंमत कळली. सकाळी शेडमध्ये ११ अंश असताना बिनएन्झाइमच्या बॅचचं द्रावण गाळतानाच कापडावर थिजलं आणि अर्धं तिथेच अडकलं. एन्झाइमवाली बॅच थिजण्याच्या आत खाली उतरली होती.

८०० ग्रॅमच्या विकतच्या अगारची बरोबरी आमच्या अगारला येत नाही. म्हणून वहिनीने ते फक्त मुळं फुटण्याच्या शेवटच्या टप्प्याला वापरायचं ठरवलं, लिटरला ७ ऐवजी ९ ग्रॅम. त्या टप्प्याला रोज २० लिटर मीडिया लागतो, म्हणजे महिन्याला पावणेपाच किलोच्या आसपास. महिन्याला सहा-सात बॅचमध्ये ते भागतं. सुरुवातीचे आणि फुटवे वाढवण्याचे टप्पे विकतच्या अगारवरच. काचेसारखी रोपं या हंगामात दिसली नाहीत.

एका मिठाईवाल्याने संत्र्याच्या जेलीसाठी हे अगार मागितलं. अगार खाद्यपदार्थात चालतं, त्याला ४०६ हा आयएनएस, म्हणजे खाद्यपदार्थांत घालायच्या द्रव्यांचा आंतरराष्ट्रीय, क्रमांक आहे. पण आमचं एन्झाइम कापड धुण्याच्या दर्जाचं आहे, त्यातल्या टिकवणाऱ्या द्रव्यांची खात्री आम्ही देऊ शकत नाही आणि खाद्य परवानाही नाही. वहिनीने नाही म्हटलं. त्या महिन्यात पैशाची ओढ असताना म्हटलं.

पुन्हा केलं तर काय वेगळं करू

पहिली बॅच पाच किलोची करणार नाही. शंभर ग्रॅम शेवाळ आणि स्टीलचं पातेलं पुरेसं होतं. सहा बॅचचं तीस किलो शेवाळ जाण्याआधीच पीएचचा घोळ दिसला असता.

तुलनेची रिकामी बॅच पहिल्या दिवसापासून ठेवीन. बुरशी आणि टिश्यू कल्चर एका आवारात असतील तर कुठलाही प्रयोग सुरू करण्याआधी हवा कुठून कुठे वाहते आणि माणसं कुठून कुठे जातात हे कागदावर काढीन. आणि मावशींना पहिल्याच बैठकीला बोलावीन. त्यांना नऊ वर्षांचा अनुभव होता, मला पुस्तकातला आकडा. आम्ही त्यांना फक्त उकळायचं काम सांगितलं, कृती दाखवून तुम्हाला काय वाटतं असं विचारलं नाही. तसं विचारलं असतं तर त्यांचा प्रश्न मार्चमध्येच आला असता.

घरच्या बुरशीचा मार्ग मुळातच चूक होता का, याबद्दल माझं आणि दिराचं अजून एकमत नाही. माझ्या मते इतक्या लहान कामाला एन्झाइम विकत घेणंच बरं: दर खेपेला ताकद सारखी मिळते आणि बीजाणू आवारात येत नाहीत. त्याचं म्हणणं, गोदाम आता लांब आहे, चांगली जात मिळाली तर पुन्हा करून बघू. सध्या तो अगार काढून उरलेला शेवाळाचा चोथा घेऊन जातो. त्यात सेल्युलोज भरपूर असतं. कोंड्यात मिसळून त्यावर पावडरची बुरशी वाढते का हे तो बघतो आहे. मिठामुळे पहिल्या दोन खेपांना वाढ खुंटली, आता चोथा आणखी दोनदा धुवून घेतो.

माझ्यासमोर आता पावसाळ्याचा प्रश्न आहे. जुलैत वाळलेलं शेवाळ हवेतली ओल ओढून जड होतं आणि पाच किलोत प्रत्यक्ष माल कमी भरतो, त्यामुळे गेल्या जुलैचे आकडे जानेवारीशी जोडता येत नाहीत. या वेळी प्रत्येक पोत्यातून मूठभर शेवाळ ओव्हनमध्ये सुकवून, वजन करून, मगच बॅच लावायची असं मावशींनी भिंतीवर लिहून ठेवलं आहे.